रविवारी अकरा वाजता

बाबा आजारी आहे हे मला कळलं नाही. आणि मी पोटापाण्यासाठी काय करत होते, तर मोजमाप! विजेच्या यंत्रांनाही पकडता येणार नाही, इतक्या झटपट बदलणाऱ्या उजेडाचं मोजमाप.

सत्त्याण्णव साल होतं. डोंबिवलीजवळच्या मानपाड्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही तिघं जण एका चिपपुढे डोकं फोडत होतो. तांदळाच्या कणीएवढी अर्धवाहकाची चिप, प्रकाश वाढवणारी. तिच्यात संदेशाचा प्रकाश सोडायचा आणि सोबत दुसऱ्या प्रकाशाचे अगदी निमिषभराचे ठोके. दोन्ही ज्या क्षणी एकत्र येतात, तेवढ्यापुरता तिसऱ्याच रंगाचा उजेड बाहेर पडतो. तो त्या क्षणाचा नमुना. दर फेरीला नमुना जरासा पुढचा घ्यायचा. असे हजारो जोडले की संदेशाची अख्खी लाट पडद्यावर दिसते. दिसायला हवी. मला तीन आठवडे नुसती आडवी रेघ दिसत होती.

सासर डोंबिवलीला, माहेर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात. दर रविवारी अकराच्या ठोक्याला मी माहेरी हजर. बाबा ओट्यावर बसलेला असायचा, गुळगुळीत दाढी केलेला, मांडीवर फाटकं जाळं आणि हातात सुई. दर वेळी तोच हसरा चेहरा. मी निर्धास्त होऊन परतायचे.

त्या रविवारी मी त्याच्यापुढे माझं रडगाणं गायले. चिप, ठोके, रेघ, सगळं. त्यानं मान डोलावत ऐकलं.

"मालू गो," तो म्हणाला, "भरतीभरतीलाच खाडीवर गेलीस, तर खाडी कायम भरलेलीच दिसनार. मंग म्हनशील, ओहोटी येतच नाय."

आई आत भांडी घासत होती. तिचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. पण मी कुठली लक्ष देतेय? माझ्या डोक्यात चिप!

सोमवारी जाऊन बघितलं. संदेश आणि ठोके, दोन्हींना मीच एका घड्याळाला बांधून ठेवलं होतं, काही हलू नये म्हणून. मग दर फेरीला तोच एक बिंदू हाती लागणार. चूक इतकी बाळबोध, की कुणाला सांगायचीही लाज वाटली. ठोक्यांना वेगळं घड्याळ दिलं, दोन दिवस खटपट केली आणि बुधवारी दुपारी पडद्यावर लाट उभी राहिली. मला राहवेना. अर्धी रजा टाकून मी थेट ठाणं गाठलं.

ओटा रिकामा. जाळं खुंटीला. काम कुठवर आलं त्याच्या खुणेची लाल दोऱ्याची गाठ मी दिवाळीनंतर जिथं पाहिली होती तिथंच होती. जाळ्याचं एक घरही पुढे विणलेलं नव्हतं.

आत खाटेवर बाबा पडला होता. पांढरे खुंट वाढलेले, गालफडं बसलेली, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मला बघितलं आणि तो घाबरला. हनुवटी चाचपत आईला म्हणाला, "आवडे, आज रईवार हाय? माजी दाढी..."

"पोटात गाठ हाय," आई म्हणाली. "दिवालीतच डाक्टरनं सांगितलेला. तुज्या बापसानं शपथ घातलेली, पोरीचा काम अडंल म्हनून. रईवारी सकाली दोन गोल्या जास्त घेतो नि बसतो भायेर. तू जाईपरत."

मी चिडले. तिच्यावर, त्याच्यावर. "मला का नाही सांगितलंत?" म्हणून ओरडलेसुद्धा, त्या तशा माणसासमोर.

"सांगितला की गो," बाबा हळूच म्हणाला. "तू तो मशीनला नेऊन लावलास."

मी खाली बसले आणि त्याच्या उशाशी डोकं ठेवून रडले. त्यानं केसांतून हात फिरवला. हाताला वजनच नव्हतं.

त्यानंतर मी सकाळी गेले, भरदुपारी गेले, दिवेलागणीला गेले, वेळ ठरवून एकदाही गेले नाही. कधी तो कण्हत असायचा, कधी झोपलेला, एकदा आईवर खेकसत होता. सगळं बघितलं. असे नऊ दिवस मिळाले.