हँडलवरून मागे आलेला हात

मी एक जुनं, चार आसनांचं, पोट खरचटलेलं विमान आहे, आणि मित्रांनो, त्या ओरखड्याची मला मुळीच लाज वाटत नाही! उलट मी तो मिरवतो. का, ते ऐका.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा रंग इतका गुळगुळीत होता की माशीसुद्धा घसरून पडायची! पुढे एका छोट्या धावपट्टीवर नोकरीला लागलो. कधी टपाल, कधी औषधांची खोकी. उडालो की माझी तिन्ही चाकं पोटात जायची आणि कप्तानांनी हँडल खाली केलं की बाहेर यायची. ती आत असताना इंजिनाचा जोर कमी झाला, तर माझा भोंगा ठणाणा करायचा. कप्तान त्याला 'सासूबाई' म्हणायचे.

माझी देखभाल मिस्त्रीकाकांकडे होती. रोज सकाळी विचारायचे, "काय साहेब, गुडघे दुखतायत का?" माझे लाड तेवढे त्यांनीच केले.

एके दिवशी कप्तानांनी आपल्या आईला फिरायला आणलं. सत्तरीतलं पहिलं उड्डाण! पट्टा बांधताना त्या म्हणाल्या, "एवढा घट्ट कशाला? मी काय पळून जाणारे?"

परतताना कप्तानांनी जोर कमी केला. "ते बघ आई, आपलं घर!"

"अगंबाई! माझी चादर अजून गच्चीवरच!"

तेवढ्यात भोंगा ओरडला. आई दचकल्या. "काय झालं रे?"

"काही नाही गं. सासूबाईंना सवयच आहे," म्हणत कप्तानांनी बटण दाबून त्याला गप्प केलं.

उतरण्याआधी ते रोज एक कार्ड मोठ्याने वाचायचे. त्यात चाकांची आठवण असायची. त्या दिवशी चादरीच्या गप्पांत कार्ड खिशातच राहिलं. आणि मी ओरडणार कसा? माझं तोंडच बंद केलेलं!

खर्रर्रर्र! मी धावपट्टीवर चक्क पोटाने घसरत गेलो. पंख्याची पाती वाकली, ठिणग्या उडाल्या, आणि एकदाचा थांबलो. दोघांनाही साधं खरचटलं नाही. आईंचा चष्मा तेवढा नाकावरून हनुवटीवर आला.

कप्तानांनी इंजिन बंद केलं. मग त्यांचा हात हळूच चाकांच्या हँडलकडे गेला. ते अजून वरच होतं. आता खाली ओढलं असतं, तर सगळे म्हणाले असते, हँडल तर खाली होतं, विमानच बिघडलं. दोनच दिवसांपूर्वी माझी चाकं मिस्त्रीकाकांनी तपासली होती. त्यांची नोकरी गेली असती आणि मी भंगारात!

"ते कसलं हँडल रे?" आईंनी विचारलं.

"चाकांचं."

"मग आता कशाला हात लावतोस?"

हात तिथेच थांबला. मग मागे आला.

दोघं खाली उतरले तोवर मिस्त्रीकाका धावत पोचले होते, चेहरा पांढराफटक. "साहेब, माझ्याकडूनच काही राहिलं का हो?"

"नाही काका. चाकं मीच काढली नाहीत. हँडल बघा, वरच आहे."

काका माझ्या वाकड्या पात्यावरून हात फिरवत राहिले.

कप्तानांना काही महिने उडायला बंदी झाली, पुन्हा परीक्षा द्यावी लागली. काकांनी मला नीट केलं, पण एक ओरखडा कप्तानांनी मुद्दाम ठेवायला लावला. आता ते शिकाऊ मुलामुलींना वाकून तो बघायला लावतात. "ही माझी सही," म्हणतात.

बंदी उठल्यावर पहिली प्रवासी कोण? आईच! या वेळी कार्ड त्यांच्या हातात होतं.

"चाकं?"

"खाली, आई."

"दिवे?"

"तिन्ही हिरवे. म्हणजे तिन्ही चाकं बाहेर."

"मग उतर. आणि चादर मी आत घेऊन आलेय!"

त्या तिघांचे उपकार मी विसरणार नाही. मित्रांनो, तुमच्या सायकलीला, पंख्याला, शिलाई मशीनला तेलपाणी द्याच. पण कधी तुमचं चुकलं, तर "हेच बिघडलं" म्हणू नका. आम्हाला बोलता येत नाही हो. आमच्या वाटणीचं खरं तुम्हालाच बोलावं लागतं.