बुजवलेल्या खाचा

दाजी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात, म्हणून ते म्हणतील ते खरं मानायचं, ही आमच्या घरची जुनी खोड. मी सुतार, माझं कोण ऐकतंय! आत-बाहेर, माझं-तुझं या सगळ्या माणसानंच मारलेल्या रेघा आहेत, असं म्हणत त्यांनी मला त्यांच्या घरातली झाडून सगळी दारं काढायला लावली. ताईनं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, तिच्या शिवणाच्या खोलीचं तेवढं राहू दे. मी हसण्यावारी नेलं, तेही काढलं. बरं, दारं काढून गप्प बसावं की नाही? पण चौकटीवर बिजागऱ्यांच्या खाचा उघड्या राहिलेल्या मला बघवत नाहीत. लाकडाचे तुकडे बसवून, घासून-पुसून मी त्या अशा बुजवल्या की बोटालाही लागू नयेत. सांगितलं होतं कुणी? कुणीच नाही.

महिन्याभरानं भर दुपारी त्यांच्याकडे गेलो. दाजी टेबलाशी पेपर तपासत होते. ते शिंकले आणि स्वयंपाकघरात ताईनं नाक पुसलं. म्हटलं, असेल योगायोग. तिला विचारलं, जेवलीस का. तिनं पोटावर हात ठेवला, दाजींकडे बघितलं आणि म्हणाली, भूक लागली आहे, पण कुणाला ते कळत नाही.

"माझं दार बसव रे," ती म्हणाली. "मी कुठं संपते तेच मला सापडत नाहीये."

धावतपळत दुकानात गेलो, तिचं दार घेऊन आलो. चौकटीवर बोटं फिरवली. खाच नाही, जोड नाही, सगळं गुळगुळीत. नवी खाच पाडायला पटाशी टेकवली, तर ताई आणि दाजी एकदमच कळवळले. पटाशी खाली ठेवली.

शेवटी ताईला खोलीत बसवलं, दार चौकटीत नुसतंच उभं केलं आणि बाहेरून दोन्ही हातांनी दाबून धरलं. तेव्हाच तिचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं, म्हणून स्वतःला शिव्या घालत होतो.

"ताई, आता बरं वाटतंय का?"

मी दाराला कान लावला.

"हो रे, आता बरं आहे," माझ्या पाठीमागून दाजी म्हणाले. आवाज ताईचा होता. लहानपणी मला झोपवताना ती बोलायची, तसा.

दार बाजूला करून बघता येईल. पण आत कुणी नसलं तर? हात भरून आलेत, तरी धरून उभा आहे.