शेवंतीचे शेंडे खुडले कोणी

२०१७ सालची गोष्ट आहे, मित्रांनो. मी एक जुनी झारी आहे, पण तेव्हा कोरी होते. अनसिंगच्या निजामुद्दीन पत्रेवाल्यांनी तेलाच्या रिकाम्या डब्यातून मला घडवले आणि बायकोला, हाजराबीला दिले.

लेकीच्या, उजमाच्या निकाहाला घरच्याच फुलांचे हार घालायचे, असे हाजराबीने ठरवले होते. निकाह हिवाळ्यात होता. न्हाणीच्या पाण्यावर गुलबक्षी, दाराशी तेरडा आणि उरल्या जागेत झेंडू आला. गुलाब तिने नाकारला; इतके लाड कोण पुरवणार? पण हारांची खरी भिस्त हिवाळ्यात फुलणाऱ्या शेवंतीवर होती. तिची रोपे तुराट्यांच्या कुंपणापलीकडच्या भागिरथाबाईंनी दिली होती. मीही दोन्ही अंगणांत राबत होते.

श्रावणात शेवंतीचे शेंडे तुटू लागले. हाजराबीने आधी बकरीवर आळ घेतला, मग पोरांवर. एक दिवस भागिरथाबाईंनी मला परत केले, तेव्हा माझ्या कडीला शेवंतीच्या पाल्याचा वास राहिला होता. हाजराबीने कडी हुंगली आणि कुंपणापलीकडे पाहिले. खरे सांगते, मलाही संशय आला. देऊन पुन्हा ओरबाडणारे हात मी पाहिले नव्हते, पण माणसाचे काय सांगावे?

दुसऱ्या दिवशी कुंपणात बोरीच्या काट्या खोवल्या गेल्या. शेंडा शाबूत असलेले सगळ्यांत टवटवीत रोप हाजराबीने डब्यात लावून घरामागे लपवले. माझे पलीकडे जाणे बंद झाले. त्या अंगणात वाळकी माती दिसे आणि माझ्या पोटात पाणी असे.

हिवाळा आला. अंगणातली शेवंती फांद्याफांद्यांनी पसरली आणि पिवळीधमक फुलली. लपवलेले रोप मात्र काठीसारखे उंच झाले, वर फक्त दोन फुले.

हाजराबी ती दोन फुले बघत राहिली. मग स्वतःच्या हातांनी काट्या उपसल्या आणि मला घेऊन पलीकडे गेली.

"मले सांगतलं काहून नाही?"

भागिरथाबाई तुरी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "तुरीचे शेंडे खुडतो का नाही आपण? फांद्या फुटाले? तुले सांगतलं असतं, तर हात लावू देल्ला असता?"

"नसता देल्ला."

"मंग? बस आता. अन् थे झारी इकडं ठेव, माह्या वांग्याले पाणी नाही."

उजमा आता अकोल्याला असते. तिच्या गळ्यातले हार भागिरथाबाईंनीच ओवले होते. निजामुद्दीन गेले, दुकान बंद झाले. भागिरथाबाईंना मुलगा प्रसेनजित वाशिमला घेऊन गेला. तिथल्या गच्चीवर शेवंती आहे. हाजराबी भेटून गेली, की शेंडे गायब असतात. प्रसेनजितला शेजाऱ्यांचा संशय आहे आणि दोघी म्हाताऱ्या त्याला काही सांगत नाहीत.

माझा तळ गंजला. हाजराबीने मला टाकले नाही. माझ्यात माती भरून शेवंती लावली. मित्रांनो, तुमच्या घरची झारी रिकामी करून पालथी ठेवत जा, ती पुष्कळ वर्षे टिकेल. आणि कुंपणाला काट्या लावण्याआधी तिला एकदा पलीकडे पाठवा.