बावन्न नंबर कोण?

आपली चूक सापडल्यावर माणसाला हायसं वाटतं, असं कोणी सांगितलं असतं तर ऑर्विल क्रॅब्ट्रीने त्याला वेड्यात काढलं असतं. टोलीडोच्या मॅलर्ड्स संघासाठी तो एकतीस वर्षं पोरं हेरत होता. कॉलेज-कॉलेज हिंडायचं, तिसऱ्या रांगेत तपकिरी हॅट घालून बसायचं, आणि कोणता पोरगा धंदेवाईक बास्केटबॉल खेळायच्या लायकीचा आहे ते वहीत लिहायचं. त्याची बायको डोरीन म्हणायची, "नोव्हेंबर ते मार्च मी विधवाच असते, फक्त काळे कपडे घालत नाही." शितावरून भाताची परीक्षा करणारा धंदा हा. आणि त्या धंद्यात ऑर्विलचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

ते चौऱ्याण्णव साल होतं, जून महिना. दुसऱ्या दिवशी ड्राफ्ट, म्हणजे सगळ्या संघांनी पाळीपाळीने नवी पोरं उचलायची. मॅलर्ड्सची पहिली पाळी कधीच दुसऱ्या संघाला देऊन झाली होती, हातात उरला होता एक्केचाळिसावा नंबर. संघाच्या कचेरीत सगळे जण भिंतीसमोर बसले होते. भिंतीवर प्रत्येक पोराच्या नावाची चुंबकाची पट्टी चिकटवलेली. हवी ती डावीकडे, वरपासून खाली. नको ती दाराजवळच्या कोपऱ्यात. त्या कोपऱ्यात गेलेलं नाव परत वर आलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

टेरेन्स बॉइड हा तिथला तरणा स्काउट, म्हणजे ऑर्विलसारखाच पोरं हेरणारा, बत्तीस वर्षांचा, तोंडाचा फटकळ. तो कोपऱ्यापाशी जाऊन उभा राहिला.

"बुवा, हा कॉर्नेल हेअरस्टन इथे काय करतोय? कार्डवेल कॉलेजचा."

"लिहिलंय ना मी. वाच."

टेरेन्सने वाचून दाखवलं. "'चौदा नंबर. चौथ्या मिनिटाला नाकावर कोपर बसलं, रक्त आलं. आत गेला तो परत आलाच नाही. रक्ताला भिणारा. नको.'" मग त्याने दुसरा कागद काढला. "आणि हा त्याच मॅचचा तक्ता. दुसऱ्या हाफमध्ये हेअरस्टन, सतरा पॉइंट. आत गेलेला माणूस सतरा पॉइंट काय न्हाणीघरातून करतो?"

सगळे हसले. ऑर्विलचे कान तापले.

"कार्डवेलला तक्ता कोण भरतं ठाऊक आहे तुला? तिथल्या ग्रंथपालबाईंचा मेव्हणा. त्याला दोन्ही बास्केट एकदम दिसतात. मी तिथे होतो, टेरेन्स. वेस्ट व्हर्जिनियाचा तो घाट, गुडघाभर बर्फ, तुमच्यापैकी एकानेही तिकडे तोंड दाखवलं नाही. दुसऱ्या हाफमध्ये चौदा नंबर मैदानावर नव्हता. बाकावरही नव्हता. कागद खरा की माझे डोळे?"

लेन प्रुइट या संघाचा सर्वेसर्वा. त्याने डोनटचा तुकडा तोंडात टाकला. "ऑर्विलचे डोळे. पुढे चला."

झालं. एका पोराचा निकाल लागला. एप्रिलच्या चाचणी शिबिरात हा हेअरस्टन दोन दिवस दिसला होता, अनवाणी मोजला तर सहा फूट सात इंच, आणि तिसऱ्या दिवशी घोटा मुरगळला. तेवढ्यावर दुसरा कोणता संघ त्याला उचलणार? त्या डोंगरात जाऊन त्याला खेळताना पाहिलेला माणूस जगात एकच होता, आणि तो म्हणत होता नको.

बैठक तीनला संपली. ऑर्विल तणतणत आपल्या खोलीत गेला. त्या शहाण्याच्या नाकासमोर वही धरायचीच, असं त्याने ठरवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डिसेंबरची वही काढली, कार्डवेलचं पान उघडलं. चौदा नंबरची ओळ होती तिथेच होती. तिच्याखाली, तेलकट बोटाच्या डागाशेजारी, त्याच्याच अक्षरात आणखी एक ओळ होती.

'५२. हा कोण? छापील यादीत नाही. नाकात कापूस. समोरचा पावणेसात फुटी राक्षस एकट्याने बांधून ठेवला. मरायला भीत नाही. नाव काढणे!'

ऑर्विलने ती ओळ दोनदा वाचली. नाकात कापूस.

ती दुपार त्याला जशीच्या तशी आठवली. तो गेला होता त्या राक्षसासाठी, समोरच्या संघाच्या. मधल्या सुट्टीत हॉट डॉगच्या रांगेत उभा राहिला, पुढे एक बाई सात मुलांसाठी घेत होती, आणि तो जागेवर परतेपर्यंत दुसरा हाफ चार मिनिटं पुढे गेला होता. मग बर्फ वाढला म्हणून आठ मिनिटं बाकी असतानाच तो उठला, पुढच्या गावी दुसरी मॅच होती. बावन्नचं नाव काढायचं राहिलं ते राहिलंच. आणि चेहरा? अहो, स्काउट चेहरा कुठे बघतो! तो नंबर बघतो. नंबर हलला की मान हलते. एकतीस वर्षांची खोड.

कार्डवेलच्या संघाचे कपडे सांभाळायला व्हेस्टा लिली नावाची बाई होती. ऑर्विलने तिला फोन लावला आणि बावन्न नंबर कोणाचा ते विचारलं.

"बावन्न? अहो, ती आमची जास्तीची जर्सी," व्हेस्टा म्हणाली. "नाव नाही, काही नाही. तो नवा नियम नाही का आला, कपड्याला रक्त लागलं की बदला म्हणून? तुमच्या-आमच्या काळी बाहीला पुसायचे आणि खेळायचे. कॉर्नेलच्या चौदा नंबरचं पार खाटकाचं फडकं झालं होतं. मधल्या सुट्टीपर्यंत नाक काही थांबेना. मग मी बावन्न काढून दिली. दोन माणसं मावतील एवढी मोठी! म्हटलं, बाळा, खोचून घे नीट."

"आणि तो खेळला? दुसरा हाफ?"

"खेळला? अख्खा! डॉक्टर नको म्हणत होते. चौदाचा डाग मी थंड पाण्याने काढला, दोन दिवस घासत होते. का हो? काही घोटाळा झाला का?"

"झाला," ऑर्विल म्हणाला. "माझ्याकडून झाला."

त्याने फोन ठेवला. आता खरं सांगायचं तर दहा मिनिटं तो हलला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. वही त्याची, कपाट त्याचं, व्हेस्टा काही टोलीडोला फोन करणार नव्हती. पोराचं नाव कोपऱ्यात होतं, तिथेच राहिलं असतं. आणि उघडलं तर? दुपारी सगळ्यांदेखत 'माझे डोळे' म्हणून छाती ठोकली, आणि पाच वाजता तेच डोळे फुटके निघाले. उद्यापासून त्याच्या वहीला कोण हात लावणार? टेरेन्स तर पेन्शनीपर्यंत पुरवून पुरवून खाईल.

पण त्या बावन्न नंबरच्या ओळीपुढे त्याने स्वतःच उद्गारचिन्ह दिलं होतं. एकतीस वर्षांत ऑर्विलने कोणापुढेही उद्गारचिन्ह दिलं नव्हतं. तो उठला, हॅट घातली, आणि वही काखेत मारून चालू लागला.

प्रुइट आणि टेरेन्स भिंतीसमोरच होते. ऑर्विलने उघडी वही टेबलावर ठेवली.

"तक्ता बरोबर आहे. मी चुकलो. रक्ताची जर्सी बदलून बावन्न घातली होती त्याने. चौदा पण तोच आणि बावन्न पण तोच. मी गाढव आहे, लेन. त्याला वर घे, आणि हवं तर मला त्या कोपऱ्यात लाव."

टेरेन्सने वाकून दोन्ही ओळी वाचल्या. मग परत वाचल्या. "म्हणजे बुवा, एकाच पोराला तुम्ही एकाच पानावर नापासही केलंत आणि पहिला नंबरही दिलात?"

"हो."

"दहा मिनिटांच्या अंतराने?"

"हॉट डॉग धरून तासभर. बोल, काय बोलायचं ते बोल."

पण टेरेन्स हसत हसत खुर्चीत कोसळलाच होता. प्रुइटने चष्मा काढला, पुसला, परत घातला. ऑर्विलला वाटलं, आता हा म्हणणार, घरी जा.

"माझं चुकलं असं ड्राफ्टनंतर सगळेच म्हणतात रे," प्रुइट म्हणाला. "रडून रडून म्हणतात. आधी येऊन म्हणणारा मी आज पहिला बघतोय. नाक फुटल्यावर राक्षसाला धरून ठेवणारा पोरगा, हे तू डोळ्याने पाहिलंस?"

"पाहिलं. फक्त तो तोच आहे हे ठाऊक नव्हतं."

"मग झालं तर. उचल ती पट्टी. तूच उचल."

ऑर्विलने कोपऱ्यातून नाव काढलं आणि डावीकडे वर नेऊन लावलं. खट् आवाज झाला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी तो डोरीनला म्हणाला, "आज सगळ्यांसमोर माझी पार शोभा झाली," आणि बटाट्याचं सॅलड तीनदा वाढून घेतलं. "तुझी शोभा रोज व्हायला हवी," ती म्हणाली. "निदान जेवतोस तरी."

दुसऱ्या दिवशी मात्र परत जीव टांगणीला. चूक कबूल केल्याने काही पोरगा मिळत नसतो. तीस नावं गेली, पस्तीस गेली. अडतिसाव्याला कोणीतरी हेअरस्टनसारख्याच उंचीचा पोरगा मागितला तेव्हा ऑर्विलने हॅट काढून तोंडावर धरली. दुसराच निघाला. चाळिसावं नाव वाचलं गेलं, आणि प्रुइटने फोनमध्ये सांगितलं, "मॅलर्ड्स. कॉर्नेल हेअरस्टन, कार्डवेल." टेरेन्सने ऑर्विलच्या पाठीत असा रट्टा घातला की त्याचा ठसकाच उठला.

पोराच्या घरी फोन करायचा मान ऑर्विलला दिला. पलीकडे नुसता कल्लोळ होता, कोणी रडतंय, कोणी भांडी वाजवतंय. शेवटी एक जाड, बावरलेला आवाज आला.

"कॉर्नेल, मी मॅलर्ड्सचा ऑर्विल क्रॅब्ट्री. अभिनंदन, पोरा."

"थँक यू सर." मग म्हणाला, "सर, तुम्ही ते हॅटवाले का हो? तिसऱ्या रांगेतले? डिसेंबरात?"

"मीच तो. तुला कसं ठाऊक?"

"आमच्याकडे हॅट घालून कोण बसतं, सर! अख्ख्या हंगामात एकच स्काउट आला. आणि नेमकं चौथ्याच मिनिटाला माझं नाक फुटलं. सुट्टीनंतर ती तंबूएवढी जर्सी घालून बाहेर आलो, पहिल्यांदा तुमच्या जागेकडे बघितलं. रिकामी. म्हटलं, संपलं. रक्त बघून गेला माणूस. मग नंतर त्या बाजूला बघितलंच नाही मी. बघवेना."

ऑर्विलने हॅट टेबलावर ठेवली.

"तरी खेळलास की."

"आई आली होती ना, सर."

"मी गेलो नव्हतो, कॉर्नेल. मी हॉट डॉगच्या रांगेत होतो. परत आलो, बसलो, आणि तुलाच बघत होतो. तुझं नाव तेवढं मला ठाऊक नव्हतं. ऐक." त्याने वही पुढे ओढली आणि डोळ्यांवरचं पाणी मनगटाने पुसून वाचलं. "'बावन्न. हा कोण? नाकात कापूस. समोरचा पावणेसात फुटी राक्षस एकट्याने बांधून ठेवला. मरायला भीत नाही. नाव काढणे.'"

पलीकडे फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि त्या सगळ्या कल्लोळाच्या वर तो जाड आवाज लहान मुलासारखा ओरडताना ऐकू आला.

"आई! अगं आई! तो गेला नव्हता गं, बसला होता!"