तेरावं जॅकेट

चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या चौदाव्या दिवशी आमच्याकडे शहाणा माणूस नदीत उतरत नाही. बुडून मेलेले त्या दिवशी आपल्या जागी बसवायला कुणीतरी शोधत असतात. पण पर्यटकांनी तिकीट काढलेलं असतं.

आमचा बांबूचा तराफा थेट बान झोकच्या धबधब्याखाली जातो. चीनची सरहद्द नदीच्या मधोमध, त्यामुळे चिनी तराफेही तिथेच, अगदी हाताच्या अंतरावर. नियम एकच. जेवढी माणसं नेली तेवढीच परत आणायची, नाहीतर परवाना रद्द. मला दोनदा ताकीद मिळालेली.

त्या दिवशी बाराजण घेऊन निघालो. मागे वल्ह्यावर बे मामा. पाणी सकाळपासून लालसर होत चाललेलं, आवाजही जड. धबधब्याखाली फवाऱ्यात तोंडं दिसेनात, नुसती केशरी जॅकेटं. सवयीने मोजली. तेरा.

"मामा, तुम्ही मोजा बरं."

"तुला चष्मा घे म्हटलं होतं." मामाने मोजली आणि हळूच म्हणाला, "तेराच."

"कोण चढलं मधेच?"

"तो माझ्याजवळच्या कोपऱ्यातला बघ. निघाल्यापासून चकार शब्द नाही. तोंड बघ, नुसतं पीठ."

मी विचारलं, "दादा, कुठून आलात?"

त्याने पाण्याकडे बोट दाखवलं.

"ऐकलंस," मामा म्हणाला. "आता त्याच्याकडे बघू नकोस."

भूत असो वा पलीकडचा, तेरावा नेऊन चालणार नव्हतं. शेजारीच ओळखीचा चिनी तराफेवाला होता. मी ओरडलो, "तुमचा एक आमच्याकडे आलाय!"

"तरीच," तो म्हणाला, "मला एक कमी वाटत होता."

मी आणि मामाने त्या माणसाला काखेत धरून त्याच्या तराफ्यावर दिलं. हात बर्फासारखे. तिकडे जाताच तो पाण्यावर वाकला. परत मोजलं. बारा. मामाने सुस्कारा सोडला.

तेवढ्यात वरच्या धरणाचा भोंगा वाजला. पाणी सोडलं होतं. जीव तोडून काठ गाठला.

धक्क्यावर सरहद्द चौकीचे होआंग साहेब एकेकाला उतरवून मोजत होते. अकरा.

"बारावा?"

तराफ्यावर एक जॅकेट अजून बसलेलंच होतं, वर शंकूसारखी टोपी. टोपीखालून आवाज आला, "क्वॅक."

"माझंच आहे," थोम नावाची बाई म्हणाली. "माहेरी आजच्या सणाला नेतेय. टोपलीत भिजत होतं बिचारं, म्हणून बाकाखालचं जॅकेट घातलं."

मी हसणार होतो. होआंग साहेब हसले नाहीत.

"आमचे नवे इन्स्पेक्टर साध्या कपड्यांत याच तराफ्यावर आलेत," ते म्हणाले. "तपासणीला. पाण्यात त्यांना फार मळमळतं, तोंड उघडत नाहीत. कुठायत?"

मामा बदकाकडे बघत राहिला.

पाणी धक्क्याच्या पायरीला लागलं होतं. नदी उद्यापर्यंत बंद. पलीकडच्या काठावर दोन चिनी शिपायांच्या मधे तो उभा होता. आता त्याला बोलता येत होतं, भरपूर. धबधब्यामुळे ऐकू येत नव्हतं. बोट मात्र आमच्यावरच रोखलेलं होतं.