बलबाबांचं पाचवं बल

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर हातभर लांबीचा तांब्याचा पाइप उभा, आणि त्यामागे डॉक्टरासारखा पांढरा कोट चढवलेले बलबाबा. त्यांनी एक काळा खडा पाइपात सोडला. "हा श्रद्धाहीन," ते म्हणाले. खडा टण्णकन खाली. दुसरा खडा कपाळाला लावून सोडला. एक, दोन, तीन, चार... खडा रमतगमत बाहेर आला आणि टाळ्यांनी छत दणाणलं.

"विज्ञानाला चारच बलं ठाऊक," बाबा म्हणाले. "गुरुत्वीय, विद्युतचुंबकीय, प्रबळ आणि क्षीण. पाचवं माझ्यापाशी. मी गुरुत्वाला थांब म्हटलं की ते थांबतं."

मी विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. खांद्यावरून मोटार उतरवताना हे गुरुत्व माझं कधीच ऐकत नाही.

"आता दवाखान्यातलं किरणांचं औषध घ्या. ते कोणत्या बलावर चालतं? पुस्तकात छापलंय, क्षीण बलावर. अहो, आजार एवढा दांडगा आणि औषध क्षीण?"

शेजारी बसलेल्या दादाने मान डोलावली. वहिनीच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची कर्करोगाची गाठ दोन महिन्यांपूर्वी काढली होती. उरल्यासुरल्या पेशी मारायला उद्या तिला किरणोत्सारी आयोडीनचा डोस होता.

"ऐकलंस?" दादा मला म्हणाला. "उद्याचं रद्द करतो. आधीच अशक्त झालीय, त्यात क्षीण औषध कशाला?"

दादाशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मी त्याच्या पलीकडे बसलेल्या वहिनीकडे वळलो. ती शिवणकाम करते.

"वहिनी, टाचणी आहे?"

"नसेल असा दिवस उजाडायचाय," ती म्हणाली आणि मी खड्यांकडे बोट दाखवताच समजून उठली.

दर्शनाच्या रांगेतून ती टेबलापाशी पोचली. श्रद्धाहीन खड्याजवळ टाचणी धरली, काही झालं नाही. दुसऱ्याजवळ नेली, तर टाचणी हातातून सुटून खड्याला चिकटली.

"लोहचुंबक आहे हो," ती शांतपणे म्हणाली. "खाली सांडलेल्या टाचण्या मी अशानेच गोळा करते."

बाबा हसले. "माते, तांब्याला चुंबक चिकटतो का?"

"चिकटत नाही," मी मागून म्हणालो. "पण जोरदार चुंबक तांब्यातून सरकला की तांब्यात वीज फिरते, आणि ती वीज त्याला अडवते. तुमच्याच यादीतलं दुसरं बल ते." मी बाबांच्या पुस्तिकेची गुंडाळी करून तीच नळी उभी धरली. श्रद्धाळू खडा त्यातून सोडला, तो गपकन पडला. बाबा चिडले, आम्हाला नास्तिक म्हणाले आणि पाइप पिशवीत भरू लागले. लोक खाली मान घालून चपला शोधू लागले.

दादा मात्र जागचा हलेना. "बाबा लबाड, कबूल. पण क्षीण ते क्षीणच ना? ते काही त्याने छापलेलं नाही."

आता बोला. वहिनीने सरळ तिच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि तो दादाच्या हातात दिला.

"ते नाव अणूच्या पोटातल्या प्रबळ बलाशी तुलना करून पडलंय," बाई म्हणाल्या. "कणाकणांमध्ये पाहिलं तर चौघांत सगळ्यात दुबळं गुरुत्वाकर्षण. म्हणून गच्चीवरून उडी माराल का? आयोडीन थायरॉइडच्या पेशी स्वतःच ओढून घेतात. तिथे क्षीण बलामुळे त्याच्या अणूचं रूप बदलतं, एक वेगवान कण सुटतो आणि तो आजारी पेशी मारतो. मिलिमीटरभरच जातो, पण काम चोख करतो."

दादा म्हणाला, "हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

दुसऱ्या दिवशी वहिनीने डोस घेतला. मला राग बाबाचा आहेच, त्याहून जास्त आमचाच आहे. एका न कळलेल्या शब्दापायी आम्ही घरचं माणूस गमावून बसलो असतो. तेव्हा एवढंच सांगतो: शब्द कळला नाही तर त्याला हात जोडू नका, अर्थ विचारा. आणि विचारल्यावर जो चिडतो, त्याच्या हाती आपल्या माणसाचा जीव देऊ नका.