मधलं पाणी

चौतीस वर्षं लोकांच्या कपड्यांवरचे डाग काढले आणि गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा मावशींनी ड्रायक्लीनिंगचं दुकान विकून टाकलं. यंत्रं गेली, पाटी गेली, गल्ल्यामागची खुर्चीसुद्धा गेली. राहिलं ते डोक्यातलं, आणि ते फुकट घालवू नका असं म्हणाली ती त्यांची सून. सून लोकांच्या वेबसाइट बनवून द्यायची आणि घरूनच काम करायची. तिने सासूला जेवणाच्या टेबलाशी बसवलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही बोला, मी टाइप करते."

मुलगा हसला. "डाग काढायची वेबसाइट? कोण वाचणार?" त्यावर दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो मुकाट्याने आपला चहा उचलून आत गेला. सासू-सुनेचं इतकं एकमत त्या घरात फार वेळा होत नसे.

साइटचं नाव 'डागमावशी'. एका डागाला एक पान. शाई, रक्त, ग्रीस, गंज, गादीला लागलेला घाम. सुरुवातीला सुनेने आसपासच्या इमारतींच्या जिन्यांत चिठ्ठ्या चिकटवल्या, त्यामुळे वाचणारे सगळे जवळपासचेच होते. मग हळूहळू लांबचेही येऊ लागले. पानाच्या कडेला जाहिराती आल्या आणि मावशींच्या गुडघ्यांची औषधं त्यातून निघू लागली. फार नाही, पण मुलापुढे हात पसरावा लागत नव्हता, आणि तेवढ्यावर मावशी हवेत होत्या. रोज अकरा वाजता नाकावर चष्मा चढवून त्या वाचकांचे अभिप्राय वाचायच्या आणि प्रत्येकाला स्वतः उत्तर द्यायच्या.

त्या दिवशी पहिलाच अभिप्राय होता 'एक वैतागलेली सून' या नावाने.

"डागमावशी, पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या चादरीला तुम्ही सांगितलं तसं ब्लीच लावलं. फरक नाही. खालचं बटण दाबलं तर व्हिनेगरचं पान आलं. आता अजून दहा मिनिटं भिजू देते आणि त्याच बादलीत व्हिनेगर ओतते. अख्खी बाटली ओतू ना? सासूबाईंना वास सहन होत नाही म्हणून बाथरूमचं दार-खिडकी लावून घेतलंय."

मावशींनी आधी वेळ पाहिली. अभिप्राय सहा मिनिटांपूर्वीचा होता.

"अगं, इकडे ये! आधी इकडे ये!"

सून धावत आली. तिने वाचलं, पण तिला काही कळेना. "मग बरोबरच आहे की. दोन्ही पानं तुमचीच आहेत."

"दोन्ही एकत्र नाही करायची! ब्लीचमध्ये व्हिनेगर पडलं की विषारी वायू सुटतो. कोंडलेल्या खोलीत माणूस मरेल!"

दोन्ही पानं खरी होती, चूक होती ती त्यांच्या मधे. दुकानात एका औषधाचं पाणी झालं की कपडा तीनदा साध्या पाण्यात खळबळून दुसऱ्या टबात जायचा. ते हात आपोआप करायचे, कुणी कुणाला सांगायचं नाही, म्हणून मावशींनी ते लिहिलंच नव्हतं. आणि वाचणारा साइटवर जरा जास्त वेळ रेंगाळावा म्हणून सुनेने प्रत्येक पानाखाली बटण टाकलं होतं: 'डाग गेला नाही? मग हे करून बघा.' मावशींना ते बटण भारी आवडलं होतं. त्यावरचे शब्द त्यांचेच होते.

"उत्तर लिही. ओतू नकोस म्हणून लिही. मोठ्या अक्षरात."

सुनेने लिहिलं. मेलही पाठवला, आणि ती दोन्ही पानं साइटवरून काढून टाकली. दोघी पडद्याकडे बघत बसल्या. उत्तर येईना. बाथरूममध्ये बादलीशी बसलेली बाई कशाला मेल उघडते आहे?

"हिचा फोन नंबर?"

"नाही हो आई, फक्त मेलचा पत्ता आहे. थांबा, परवा हिनेच एक फोटो पाठवला होता. चादरीचा."

फोटो उघडला. पलंगावर पसरलेली चादर, मधे पिवळट पट्टा, बाकी काही नाही. खिडकी नाही, भिंत नाही. सून हताश झाली. मावशींनी मात्र नाक पडद्याला लावलं.

"हा कोपरा मोठा कर. अजून. अजून."

चादरीच्या टोकाला, शिलाईजवळ, न धुतल्या जाणाऱ्या काळ्या शाईत एक छोटा चौकोन होता आणि आत ४१७. प्रत्येक लाँड्रीची आपली खूण असते, कपडे अदलाबदल होऊ नयेत म्हणून. चौकोन चौकातल्या लाँड्रीवाल्याचा. त्याचं आणि मावशींचं वीस वर्षं वाकडं होतं. त्याने त्यांची अर्धी गिऱ्हाइकं पळवली होती. पण त्याचा नंबर मावशींना पाठ होता; त्यांनी तो लगेच लावला.

"अरे वा, वहिनी! आज सूर्य कुठून..."

"चारशे सतराचं गिऱ्हाईक कोण? फोन नंबर सांगा. लगेच."

"काय झालं काय?"

"मागून सांगते. जीव जाईल कुणाचा तरी. वही उघडा!"

त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. पानं उलटल्याचा आवाज आला.  भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून त्या बघत होत्या. दहातली नऊ मिनिटं संपली होती. नंबर आला. सुनेने आपल्या फोनवरून लावला आणि मावशींच्या हातात दिला.

"कोण पाहिजे?" एका म्हातारीचा करडा आवाज.

"लाँड्रीतून तुमचा नंबर घेतला. तुमच्या सुनेला बाथरूममधून बाहेर काढा. आत्ता. त्या बादलीत..."

"ती बाथरूममध्ये आहे हे तुम्हाला काय माहीत?"

"अहो, मी सांगते ते..."

"काय विकताय? परवाही असाच फोन आला होता, बँकेतून बोलतोय म्हणे. लाज नाही वाटत?"

फोन आपटला गेला.

पुन्हा लावला. वाजला, वाजला, उचलला.

"पुन्हा तुम्हीच! आता पोलिसात..."

आणि त्या वाक्याच्या मागून, घरात कुठेतरी आतून, खोकला ऐकू आला. कोरडा, न थांबणारा.

"ती खोकतेय ना?" मावशी ओरडल्या. "ऐका! दार उघडायला लावा, उंबऱ्यातूनच तिला ओढून बाहेर काढा! स्वतः आत जाऊ नका!"

 पलीकडे फोन कशावर तरी टाकल्याचा आवाज. काठीची टकटक, फार सावकाश. दारावर थापा. "अगं, उघड! उघड म्हणते ना!" मावशी आणि सून फोनला कान लावून उभ्या होत्या. कडी निघाली. काहीतरी पडलं. मग पलीकडच्या सासू-सुनेच्या खोकल्याचे आवाज, खिडक्या उघडल्याचे, आणि म्हातारी जिन्यात जाऊन कुणा डॉक्टरीणबाईंना हाका मारत होती.

मावशींच्या जिवात जरा जीव आला, पण फोन त्यांनी सोडला नाही.

बऱ्याच वेळाने म्हातारी पुन्हा फोनवर आली. आवाज पार मऊ झालेला. "उघड्यावर बसवलंय. रडतेय, खोकतेय, पण बोलतेय. खालच्या डॉक्टरीणबाई आल्यात. तुम्ही लाँड्रीतल्या ना? देवासारख्या धावून आलात हो. मी काय काय बोलले तुम्हाला."

सुनेने मावशींचा दंड धरला आणि कुजबुजली, "आई, ठेवा आता. कोण ते सांगू नका. केस करतील. साइट जाईल."

मावशींना फोन ठेवावासा वाटला. खरंच वाटला. एक बोट दाबायचं, आणि त्या देवासारख्याच राहिल्या असत्या.

तेवढ्यात पलीकडे फोन दुसऱ्याच्या हातात गेला. "मी डॉक्टर बोलतेय. हिला दवाखान्यात नेतोय, श्वास बरा आहे पण फुप्फुसं बघायला हवीत. बादलीत काय काय होतं, माहितेय तुम्हाला?"

"ब्लीच. अर्ध्या बादलीला दोन झाकणं. अर्धा तास. वर व्हिनेगर."

"नक्की? तुम्हाला कसं माहीत?"

"मीच लिहिलंय ते," मावशी म्हणाल्या. सुनेने डोळे मिटून घेतले. "वेबसाइट माझी आहे. एक पाणी झालं की कपडा खळबळून घ्यायचा, ते मी लिहिलं नाही."

डॉक्टर रागावल्या नाहीत, त्यांना तेवढा वेळ नव्हता. मागे कुणीतरी खुर्ची सरकवत होतं.

"पान काढलंत?"

"काढलं."

"आणि याआधी ज्यांनी वाचलंय ते? ज्यांच्या घरात हे आज-उद्या कुणी करणार आहे? त्यांना कसं कळवणार?"

मावशींनी सुनेकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली; नुसतं वाचून गेलेल्यांचा पत्ता साइटकडे नव्हता.

"मला माहीत नाही, डॉक्टर," मावशी म्हणाल्या, आणि फोन तसाच कानाशी धरून रडू लागल्या.